‘काल कुठं होतासा?’

एका मुलीच्या पत्रातला प्रश्न असा आहे: “बाबा ७२ वर्षांचे आहेत. शिरोलीच्या एका फौंड्रीत ते पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने बनवायचे. आईला जाऊन चौदा महिने झाले. ते मंगळवार पेठेत भाऊ-वहिनीजवळ राहतात, मी पुण्यात असते. त्यांना कशाचीच ददात नाही. मोठा टीव्ही आणला, आरामखुर्ची आणली. पण दिवसभर मोठ्यानं टीव्ही लावून बसतात. संध्याकाळी रंकाळ्याला जायचे तेही बंद केलं. काही विचारलं की ‘आता काय राहिलंय?’ एवढंच. या वयात माणूस आनंदी राहू शकतो का? आम्ही काय करावं?”

राहू शकतो. गेली सत्तावीस वर्षं मी कोल्हापुरात ज्येष्ठ रुग्णांना तपासते आहे, आणि मला भेटलेली सगळ्यात समाधानी माणसं सत्तरीच्या पुढचीच आहेत. चाळिशीतल्या माणसाची धावाधाव त्यांच्यामागे नसते, कुणाला काय वाटेल याची फिकीर कमी झालेली असते. म्हणून “वय झालं की असंच व्हायचं” हे वाक्य आधी घरातून हद्दपार करा. चौदा महिन्यांत तुमच्या बाबांचं जे झालंय त्याचं कारण वय नाही. कारण शोधावं लागेल, आणि माझा अनुभव असा की ते एकच नसतं, दोन-तीन एकात एक गुंतलेली असतात.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला: “मोठ्यानं”. टीव्हीचा आवाज मोठा लागतो म्हणजे बहुधा कान कमी झालेत. शुक्रवार पेठेतले एक आजोबा आठवतात. मुलाची तक्रार होती की बाबा कुणाशी बोलत नाहीत, सुनेशी तर अबोलाच आहे. कानात बॅटरी मारून बघितलं, तर दोन्ही बाजूंना चिंचोक्यासारखा काळा, कडक मळ. पाच दिवस थेंब घातले आणि कानाच्या डॉक्टरांकडून साफ करून घेतलं. परत आले तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या वर बघून म्हणाले, “ह्यो पंखा असा आवाज करतोय व्हय?” आणि मग सुनेकडं वळून, “तू एवढं हळू का बोलतीस म्हणून मी आपला गप बसायचो.” तिला वाटत होतं सासरे रागावलेत, त्यांना वाटत होतं सून तोंड फिरवून पुटपुटते. दोन वर्षं असं चाललं होतं.

सगळ्यांचं इतक्या स्वस्तात सुटत नाही. बहुतेकांची नसच वयानं कमजोर झालेली असते, आणि त्याला श्रवणयंत्र लागतं. ते घेतलं की दुसऱ्या दिवशी ऐकू येईल ही अपेक्षा ठेवू नका. सुरुवातीला ताटांचा, गाड्यांचा, स्वतःच्या चावण्याचासुद्धा कलकलाट होतो, आणि माणूस यंत्र काढून कपाटात ठेवतो. रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलत सवय करायची. त्याला काही आठवडे लागतात. हा खर्च टाळू नका. ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली, त्यात ऐकू कमी येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बैठकीतून उठतो आणि मग उठलेलाच राहतो.

कानांबरोबर बाकीचंही बघून घ्या. रक्तातलं हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि सोडियम. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड मंदावलं तर माणूस हुबेहूब उदास दिसतो: थकलेला, विसरभोळा, कशातच रस नसलेला. घरात जेवढ्या गोळ्या आहेत त्या सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या झोपेच्या गोळ्यासुद्धा. त्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहते, आणि रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडलेले किती रुग्ण मी बघितलेत. मात्र कुठलीही गोळी एकदम स्वतः बंद करू नका. मोतीबिंदू आणि दातही तपासून घ्या. दात दुखणारी माणसं तसं सांगत नाहीत, जेवण बदलतात. भाकरी सुटते, मग मटणाचे तुकडे सुटतात, उरतो नुसता रस्सा. पांढरा रस्सा पोटाला बरा वाटतो, पण प्रथिनं तुकड्यात असतात, रश्श्यात फारशी नाहीत. या वयात वजनाच्या दर किलोमागं रोज एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारून ठरवायचा. साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम, आणि संध्याकाळी चहा-खारी, रात्री भात-आमटी यातून ती निघत नाहीत. अंडी, दही, घट्ट डाळ, मऊ शिजवलेली उसळ, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं.

आता मनाचं. चौदा महिन्यांनंतरही आईची आठवण येऊन डोळे भरणं हा आजार नाही. तो संसाराचा हिशेब आहे, तो इतक्यात मिटायचा नाही. पण दुःख करणारा माणूस मधूनच नातवाच्या बोलण्यावर हसतो, आवडीचं केलं तर दोन घास जास्त खातो. उदासीनतेच्या आजारात हेही होत नाही. आमच्याकडची जुनी माणसं “मला उदास वाटतंय” असं म्हणतच नाहीत. पोट साफ होत नाही, छातीत धडधडतं, अंगात कड नाही, पहाटे तीनलाच जाग येते, अशा तक्रारी घेऊन येतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज असं चाललं असेल, वजन उतरत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या. हा आजार औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो, सत्तरीतही होतो. औषधाचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर धीर धरायचा. “मी असून काय उपयोग”, “आता सुटलो तर बरं” असं वारंवार येत असेल, गोळ्या नाकारत असतील, वस्तू वाटून टाकत असतील, तर एक दिवसही थांबू नका आणि त्यांना एकटं ठेवू नका. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात ते येतं ही भीती खोटी आहे. “बाबा, जगावंसं वाटत नाही का?” असं सरळ विचारा.

एवढं झालं की मग खरा प्रश्न. कशाचीच ददात नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या बाबांना नेमकी एक गोष्ट कमी आहे: त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्हाला आठवत असेल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, त्या वेळी पाणी ५५ फुटांवर गेलं होतं. एका शाळेतल्या छावणीत मी रोज तपासायला जात होते. तिथं माझ्याच दवाखान्यात येणाऱ्या एक आजी दिसल्या. घरी त्यांना गुडघेदुखीनं दोन पावलं चालवत नव्हतं, सून ताट हातात आणून द्यायची. त्या दिवशी भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, पुढ्यात परात घेऊन बसल्या होत्या आणि भाकरी थापत होत्या. शेजारी शाळेची दोन पोरं पीठ पुरवायला. मी म्हटलं, आजी, गुडघे? आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला ‘करतो’, ‘जातो’ म्हणतात, त्या तशाच बोलल्या: “दुखत्यात की. पर मी न्हाई केल्या तर ही पोरं काय खानार? करतो की बसून.” चार दिवस त्यांनी वेदनाशामक मागितलं नाही. पूर ओसरला, त्या घरी गेल्या, सुनेनं परत ताट हातात द्यायला सुरुवात केली आणि महिन्याभरात गुडघ्यांची तक्रार परत आली. सुनेची त्यात काही चूक नव्हती, ती प्रेमानंच करत होती. मी तिला एवढंच सांगितलं की रोजच्या दोन भाकरी आजींना थापू दे, जाड-पातळ होईनात.

आपण म्हाताऱ्या माणसांना आराम देतो आणि त्याबरोबर त्यांचं काम काढून घेतो. बायकांचं स्वयंपाकघर जातं, पुरुषांचा पगारी हुद्दा गेलेलाच असतो, वर बाजारहाटही जातो, कारण ऑनलाइन मागवलेलं सोपं. प्रत्येक वेळी म्हणतो, “तुम्ही बसा, आम्ही करतो.” आणि बसलेल्या माणसाला आपण आनंदी का होत नाही हे विचारतो.

मी माझ्या प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला पहिल्या भेटीत विचारते: तुम्ही उद्या नाही गेलात, तर “काल कुठं होतासा?” असं विचारणारं घराबाहेर कोण आहे? ज्यांच्याकडं एक तरी नाव असतं त्यांच्याबद्दल माझी काळजी निम्मी होते. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आहेत, पत्नी गेल्यावर रोज पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचे. म्हैस समोर पिळून पेल्यात दूध देतात तो कट्टा. (डॉक्टर म्हणून सांगते, दूध उकळूनच प्यावं, या वयात तर नक्कीच.) मला वाटायचं दुधासाठी जातात. एकदा तापानं तीन दिवस अंथरुणात होते, तिसऱ्या दिवशी गवळ्याचा मुलगा घर शोधत आला. “आबा, काल-परवा कुठं होतासा? बाबा इचारत्यात.” ते मला सांगताना त्यांचा गळा दाटून आला. त्या दिवशी मला कळलं ते रोज कशासाठी जातात. आता घरून उकळलेल्या दुधाची बाटली नेतात, पण कट्ट्यावर जातातच.

ही हजेरी कोल्हापुरात लावायला जागा पुष्कळ आहेत. पेठेच्या तालमीत कट्ट्यावर बसणारे जुने खेळाडू आहेत, फुटबॉलचा हंगाम आला की शाहू स्टेडियममध्ये त्यांची जागा ठरलेली असते. १८५० साली सुरू झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ठिकाणी सकाळी पेपर वाचायला येणारे एकमेकांना नावानं ओळखतात. भजनी मंडळं आहेत, आषाढीला नंदवाळची दिंडी आहे. पण तुमच्या बाबांना यातलं काही आवडेलच असं नाही, आणि जबरदस्तीनं हास्यक्लबात नेऊन सोडू नका. वय वाढलं की माणूस आपलं वर्तुळ लहान करतो, मोजकी आणि जवळची माणसं ठेवतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांनी याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. वेळ मोजका आहे हे कळलं की माणूस तो जिथं जीव लागतो तिथंच घालवतो, आणि ते योग्यच आहे. माणसाच्या आरोग्याचा आणि सुखाचा हार्वर्डचा १९३८ साली सुरू झालेला अभ्यास ७२४ पुरुषांपासून सुरू झाला आणि अनेक दशकं चालू राहिला. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. तिथली घरं वेगळी, माणसं वेगळी, त्यामुळं तो निष्कर्ष मी जसाच्या तसा इथं लावत नाही. पण आपल्याकडं भरल्या घरात माणूस एकटा असतो हे मात्र मी रोज बघते. घरात सहा माणसं असतील, त्यातलं एकही बाबांजवळ दहा मिनिटं टेकत नसेल.

पॅटर्नमेकर या शब्दावर मी थोडा वेळ थांबले. माझे एक रुग्ण उद्यमनगरातले टर्नर (लेथ मशीनवरचे कारागीर), वय ७८. पहिल्यांदा आले तेव्हा तुमच्या बाबांसारखेच होते. नाडी बघताना शर्टाच्या खिशात काहीतरी कडक लागलं. व्हर्नियर कॅलिपर, बारीक माप घ्यायचं साधन! कापडाच्या पिशवीत, तेल लावून ठेवलेला. निवृत्तीला सतरा वर्षं झाली होती. मी विचारलं आणि पुढची वीस मिनिटं ते एका दमात बोलले, बोरिंग (मशीनवर भोक मापात मोठं करणं) कसं चुकतं, हाताला कसं कळतं. त्यांच्या पुतण्याचं तिथंच छोटं मशीन शॉप होतं. मी पुतण्याला बोलावून घेतलं. आज ते अकरा ते एक तिथं जातात, आलेली कास्टिंग (ओतीव भाग) मोजून बघतात, नवी पोरं “आण्णा, हे जरा बघा” म्हणून हाक मारतात. मी एक अट घातली होती: फुकट नाही, महिन्याला थोडं तरी मानधन द्यायचं. पैशाची गरज नव्हती, पण पाकीट हातात पडलं की काम खरं होतं.

तुमच्या बाबांच्या हातात अख्ख्या आयुष्याचं कसब आहे, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या पट्ट्यात ते ओळखणारी माणसं आहेत. त्यांच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला किंवा शिष्याला फोन करा. आठवड्यातून तीन दिवस, दोन तास, ड्रॉइंग बघायला, नव्या मुलांना समजावायला. मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करायच्या जागेत मात्र बसू देऊ नका, तिथली वाळूची बारीक धूळ म्हाताऱ्या फुफ्फुसांना वाईट. ऑफिसात किंवा पॅटर्न शॉपमध्ये टेबलाशी बसलेले चालतील. ते जमलं नाही तर घरातच लाकूडकाम मागा. नातवाला पाट हवा असतो, वहिनींना मसाल्याचा डबा ठेवायला फळी हवी असते. आणि जे सांगाल त्याची खरोखर गरज असू द्या. बाबांना गुंतवून ठेवायला काढलेलं काम त्यांना लगेच ओळखू येतं, आणि मग जास्त लागतं.

चालणं परत सुरू करायचं, पण “रंकाळ्याला जा” म्हणून नाही, कुणीतरी बरोबर चला. पहिले पंधरा दिवस संध्यामठ दिसतो तिथवर आणि परत, पूर्ण फेरी नको. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं हे पुढचं उद्दिष्ट. त्याहून मोलाचं म्हणजे पायांची ताकद आणि तोल. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला सांगा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मांड्या कमजोर झाल्यात असं समजा, आणि हेच उठणं-बसणं आठवड्यातून तीनदा व्यायाम म्हणून करा. सुरुवातीला शेजारी कुणीतरी उभं राहा. पडायची भीती गेली की माणूस घराबाहेर पडतो.

पैशाचं थोडक्यात सांगते. त्यांची पेन्शन, पासबुक त्यांच्याच हातात असू द्या. नातवाला भेळ खायला घालायला मुलाकडं पैसे मागावे लागले की माणूस खचतो. सत्तरीवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न घालता ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते नसेल तर काढून घ्या. एसटीत त्यांना अर्धं तिकीट आहे, ७५ पूर्ण झाल्यावर मोफत. बहिणीकडं गावाला जायला तेवढं पुरे.

वहिनींशी स्वतंत्र बोला. दिवसभर त्या घरात त्याच असतात, आणि तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच शब्द आहे. त्यांना काय जड जातंय हे विचारा, वर्षातून आठ-पंधरा दिवस बाबांना तुमच्याकडं न्या, तेवढी त्यांची सुटका होऊ द्या. पण बाबांना कायमचं पुण्याला हलवू नका. या वयात गल्ली सुटली की हाक मारणारी माणसंही सुटतात.

आणि आईचं नाव. घरात आता ते कुणी घेत नसणार, बाबांना त्रास होईल म्हणून. बहुतेक घरांत हेच होतं. आईचा चष्मा कुणीतरी आत उचलून ठेवतं, तिच्या हातचं लोणचं संपलं तरी कुणी बोलत नाही, आणि बाबांना वाटतं सगळे विसरले, मलाच आठवते. तुम्ही नाव घ्या. “आई या दिवसांत काय करायची हो?” असं विचारा. ते रडले तर रडू द्या, घाईनं विषय बदलू नका.

शेवटी तुमच्या फोनबद्दल. पुण्यातून तुम्ही रोज करता ना? जेवलात का, गोळी घेतली का, बीपी बघितलं का, आणि झालं. ही चौकशी झाली, बोलणं नाही. आठवड्यातून एकदा तरी त्यांना असं काही विचारा जे तुम्हाला माहीत नाही आणि त्यांना आहे. माझ्या त्या टर्नर रुग्णाकडून मी एक गोष्ट ऐकली होती, पुरी समजली नव्हती, पॅटर्नमेकरच ती नीट सांगेल. येत्या रविवारी फोन लावा, टीव्ही बंद करायला सांगा, हळू आणि स्पष्ट बोला, आणि विचारा: “बाबा, पॅटर्न ड्रॉइंगच्या मापापेक्षा थोडा मोठा का करायचा असतो, आणि किती मोठा हे तुम्ही कसं ठरवायचा?” मग त्यांचं पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका.